नऊ लेव्हलचा चोर

सीबीएस बसस्थानकाजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी बेसिक कोर्स शिकवायचे. दुपारी एक ते चार बॅच नसायची, कारण मुलं तेव्हा कॉलेजात असत. त्या वेळात आम्ही चार शिक्षक लॅबमधल्या मशीनवर एक गेम खेळायचो. तलवारी, जादू, राक्षस, असला. दोन हजार चार-पाचची गोष्ट. मी तेव्हा पस्तिशीची होते आणि गेममध्ये चोर होते.

चोर मी निवडला नव्हता. हार्डवेअर शिकवणाऱ्या सरांनी योद्धा घेतला, इतर दोघांनी जादूगार आणि तिरंदाज, आणि उरला तो मला. हार्डवेअर सर रोज ओझरहून यायचे आणि आल्या आल्या सगळ्यांना कामं वाटायचे. मला म्हणाले, "मॅडम, तुम्हाला हाच बरा. मारामारी नको. आमच्या मागे मागे राहायचं."

तीन महिन्यांत तो चोर मी अकराव्या लेव्हलला नेला. मग एका लढाईत मी सरांच्याच योद्ध्याच्या खिशातून औषधाची बाटली काढली. ऐन वेळी त्यांना ती सापडली नाही आणि राक्षसाने त्यांना आडवं केलं. सगळे हसले. सर हसले नाहीत.

संध्याकाळी मुलं मशीनवर काहीही करत, म्हणून आम्ही आपापलं पात्र फ्लॉपीवर उतरवून ठेवायचो. दुसऱ्या दिवशी माझी फ्लॉपी कोरी निघाली.

"अहो, चुकून फॉरमॅट झाली," सर म्हणाले. "प्रॅक्टिकलला एक फ्लॉपी कमी पडली. ड्रॉवरमध्ये कोरी दिसली, घेतली. लेबल नव्हतं तिच्यावर."

लेबल होतं. माझ्या अक्षरात 'चोर' लिहिलेलं. ते मला त्याच ड्रॉवरच्या आतल्या बाजूला चिकटवलेलं सापडलं, न फाडता, नीट सोलून काढलेलं. चुकून फॉरमॅट करणारा माणूस आधी लेबल सोलत बसत नाही.

मी काही बोलले नाही. बोलले असते तर "गेमच तर आहे मॅडम" एवढं ऐकून गप्प बसावं लागलं असतं. मला त्यांच्या तोंडून, सगळ्यांसमोर ऐकायचं होतं की हे मुद्दाम केलं. त्यासाठी त्यांचं असं काहीतरी माझ्या हातात यायला हवं होतं, जे गेल्यावर त्यांनाही हसता येणार नाही. त्यांची तलवार. ती मिळवायला त्यांना दोन महिने लागले होते.

मी पुन्हा पहिल्या लेव्हलपासून सुरुवात केली. या वेळी ठरवून.

नवा चोर घेऊन बसणारे बहुतेक लोक एकच चूक करतात, मीही पहिल्यांदा केली होती. मिळालेले पॉइंट सगळीकडे थोडे थोडे वाटतात. थोडी ताकद, थोडी तलवार, हौस म्हणून थोडी जादू. असा चोर धड लढत नाही आणि धड लपतही नाही. पॉइंट दोनच ठिकाणी घालावेत, लपण्यात आणि कुलपात. लोखंडी चिलखत फुकट मिळालं तरी अंगावर घालू नये, ते वाजतं. मऊ बूट घ्यावेत आणि फरसबंदीवरून न चालता कडेच्या गवतावरून चालावं. लांडगे दिसले की रस्ता बदलावा. मारायचंच असेल तर अंधारात उभं राहून पाठ वळेपर्यंत थांबावं आणि एकच वार करावा. लपून केलेल्या वाराला तिप्पट जोर असतो. तो वार चुकला तर सरळ पळावं. लाज धरू नये.

आणि कुलपं उघडावीत. सुरुवातीच्या गावातल्या धर्मशाळेत सहा पेट्या होत्या. आत मेणबत्ती, नाहीतर शिळा पाव. पण कुलूप उघडल्याचा अनुभव मिळतो, आणि बाहेर जाऊन परत आलं की पेट्या पुन्हा बंद झालेल्या असतात. मी तीन आठवडे त्याच सहा पेट्या उघडत होते. कंटाळवाणं काम होतं. पण मी दोन मुलांचे डबे भरून नोकरीला येणारी बाई होते, तेच ते काम मला नवीन नव्हतं.

"मॅडम, अजून धर्मशाळेतच का?" हार्डवेअर सर शेजारच्या मशीनवरून विचारायचे. "मुक्काम पक्का केला वाटतं."

"पाव बरा मिळतो इथला," मी म्हणायचे.

लोडशेडिंगचं वेळापत्रक तेव्हा सगळ्यांना पाठ असायचं. आमच्या भागातली वीज साडेतीनला जायची. यूपीएस फक्त सर्व्हरला होता, आणि फ्लॉपीचा भरवसा माझ्या प्रकारानंतर कुणालाच राहिला नव्हता. म्हणून सव्वातीन वाजले की सगळे आपल्या मौल्यवान वस्तू गेममधल्या आपापल्या पेटीत ठेवायचे. पेट्यांची नोंद सर्व्हरवर राहायची. मग पात्र फ्लॉपीवर घ्यायचं आणि खाली चहाला. सरांच्या पेटीचं कुलूप त्यांच्याइतकंच, विसाव्या लेव्हलचं होतं. माझा नऊ लेव्हलचा चोर ते उघडेल असं कुणाला वाटणार? सगळे पॉइंट कुलपात घालणारा चोर त्यांनी पाहिलाच नव्हता.

त्या दिवशी मी स्पीकरचा आवाज बंद केला आणि सरांच्या पेटीमागच्या सावलीत उभी राहिले. त्यांचा योद्धा आला. तलवार, ढाल, अंगठी, सगळं आत ठेवून निघाला. त्यांच्या स्क्रीनवर मी दिसत नव्हते. प्रत्यक्षात त्यांचं कोपर माझ्या कोपरापासून हातभर होतं.

"चला मॅडम, चहा."

"व्हा पुढे. फ्लॉपी घेते आणि आलेच."

पहिल्या प्रयत्नात कुलूप निघालं नाही. दुसऱ्यात निघालं. तलवार मी थेट गावातल्या लोहाराला विकली, जी किंमत त्याने सांगितली त्या किमतीला. मग फ्लॉपी पर्समध्ये टाकली आणि चहाला गेले.

दुसऱ्या दिवशी एक वाजता सरांनी पेटी उघडली. तलवार नव्हती. मग सर्व्हर तपासला, मग वायरी तपासल्या. अकाउंटिंगच्या मॅडम, ज्या जादूगार घेऊन खेळायच्या, त्या म्हणाल्या, "सर, व्हायरस असेल."

"व्हायरस नाही," मी म्हटलं. "मी काढली."



"परत करा," सर म्हणाले. "हे काय मॅडम, गेममध्ये असं करतात का?"

"माझी फ्लॉपी चुकून फॉरमॅट झाली का?"

ते इतर दोघांकडे पाहायला लागले. मी ते लेबल जपून ठेवलं होतं, ते त्यांच्या कीबोर्डवर ठेवलं. अकाउंटिंगच्या मॅडमनी वाकून वाचलं आणि म्हणाल्या, "अहो सर, तुम्ही तर लेबलच नव्हतं म्हणाला होता."

"मुद्दाम केली," ते शेवटी म्हणाले. "राग आला होता त्या बाटलीचा. सॉरी. झालं समाधान? द्या आता तलवार."

"ती कालच विकली," मी म्हटलं. "लोहाराकडे आहे. घ्या विकत."

लोहार घेतो त्याच्या दसपट भावाने विकतो, हे त्यांना माझ्याआधीपासून माहीत होतं. त्यांनी मशीन बंद केलं आणि नंतर महिनाभर दुपारचे स्टाफरूममध्ये पेपर वाचत बसले. तलवार द्यायची नव्हती तर कबूल कशाला करून घेतलं, असं अकाउंटिंगच्या मॅडमनी मला एकदा विचारलं. मी म्हटलं, मी देईन असं कधी म्हणालेच नव्हते.