दुप्पटकाकांचं विमान

दुप्पटकाकांच्या हॉलमध्ये पाहुण्याला बसायला जागा नसे. सोफा, टीपॉय, खुर्च्या सगळं भिंतीला सरकवलेलं आणि मधल्या लादीवर भला मोठा खाकी कागद अंथरलेला. आपण कडेकडेने जाऊन जमिनीवर मांडी घालायची. "कागदावर पाय नको हं, पंख आहे तो!" हे त्यांचं स्वागत.

डोंबिवलीत ते आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहत. जन्म कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून गेला. निवृत्तीनंतर छोट्या, बिनइंजिनाच्या ग्लायडरची ड्रॉइंगं मोठी करून तशी विमानं बांधायचं वेड लागलं, म्हणून हे नाव. मूळ ड्रॉइंगवर अर्ध्या इंचाचे चौकोन आखायचे, खाकी कागदावर एक इंचाचे, आणि एकेक चौकोन बघून रेघ उतरवायची.

"काका, झेरॉक्सवाला दोन मिनिटांत मोठं करून देईल," मी एकदा म्हणालो.

"देईल ना. रेघही जाड करून देईल. मग कापायचं कुठून, रेघेच्या अलीकडून की पलीकडून?"

नुसतं मोठं करणं त्यांना मंजूरच नव्हतं. "लांबी दुप्पट केलीस की पंखाचं क्षेत्रफळ चौपट होतं आणि वजन आठपट! आकार वाढवावा, पण लाकूड घालताना हात आखडावा." हे सांगताना ते माझ्या पोटाकडे बघतायत असं मला उगाच वाटे.

काकू गेल्या होत्या. मुलगी बंगळुरूहून नेमाने फोन करी; पण फोन ठेवला की घर पुन्हा गप्प. माझं ऑफिसचं काम मी घरूनच करायचो. ते संपायच्या सुमारास दारावर टकटक होई. "अरे, जरा येतोस? आकडे वाचायला माणूस हवाय." मी "आडवे सात, उभे बारा" असं वाचायचो, ते ठिपके द्यायचे.

एकदा मी लवकर गेलेलो. दार उघडंच होतं. काका एकटेच भराभर ठिपके देत होते. वाचायला कुणी नसल्याने काही म्हणजे काही अडलं नव्हतं. माझी चाहूल लागली तसं त्यांनी खोडरबर घेतलं आणि नुकतीच काढलेली अख्खी ओळ पुसून टाकली. "बरं झालं आलास. तुझ्यावाचून खोळंबलंय सगळं." मी मांडी घालून बसलो आणि वाचू लागलो.

विमान तयार झालं. पंख लिफ्टमध्ये मावेना, जिन्याने उतरवला. खाडीकडच्या मोकळ्या जागेत काकांनी विमान डोक्यावर धरलं आणि मी त्याला अडकवलेली दोरी घेऊन धावलो. "पळ, पळ! मागे बघू नकोस!" ते उडालं, छान तरंगलं आणि गवतात अलगद टेकलं. काका लहान मुलासारखे टाळ्या पिटत होते. "आता तिप्पट करू आपण!"

आम्ही ठाण्यात माजिवड्याला घर घेतलंय, पुढच्या महिन्यात जाणार, हे मला तेव्हाच सांगावं लागलं.

"वा, छान. ठाणं छानच आहे," म्हणाले आणि दोरी गुंडाळू लागले. गुंडाळून झाली तशी सोडून पुन्हा गुंडाळली.

माजिवडा काही सातासमुद्रापार नाही. तरी जाणं लांबत गेलं. शेवटी एक दिवस फोन केला. "काका, तिप्पट कुठवर आलं?"

"छे रे, तो बेत सोडला. त्याला दोघं लागतात. आता निम्म्या मापाचं काढलंय. आपणच फेकायचं आणि आपणच चालत जाऊन उचलून आणायचं."