सासूची चूक काढायची परीक्षा

माझी सून वैशाली कोरियन भाषेची मास्तरीण व्हायला निघाली होती. यवतमाळच्या शिबिराचा शेवटचा दिवस परीक्षेचा. भाषेचं अक्षरही येत नाही असं माणूस सोबत न्यायचं, अन् कोरियाहून आलेल्या मॅडमपुढं त्याला शिकवून दाखवायचं. येणार होती त्या मैत्रिणीनं ऐन वेळी टांग दिली. मी चौथी नापास. म्हटलं, माझ्याहून अडाणी कुठं शोधतेस? चल.

पास झाली तर उमरखेडचा वर्ग तिला मिळणार होता. नाही तर कापूस वेचणं आहेच, अन् कापसाची गत तुम्ही जाणता.

उमरखेडहून सकाळची पहिली यष्टी धरा. डावीकडं बसा, उजवीकडं ऊन तोंडावर येतं. बायकांना अर्धं तिकीट. आर्णीच्या स्टँडवर मी तर्री-पोहे हाणले. तर्री जहाल. वैशालीनं घास घेतला नाही.

"खाय नं. उपाशी काय शिकवशील?"

"मले शब्द घोकू द्या, आई."

यवतमाळात स्टँडवरून ऑटोनं कॉलेज गाठलं. हॉलात मराठी बोलायला बंदी, बोललं की मार्क कटणार. आमच्याआधी एक पोरगी भावाला शिकवत होती. तो चुकला की टेबल बडवून परत म्हणायला लावायची.

मग वैशाली. कांदा दाखवून म्हणाली, "यांगफा."

मी म्हटलं, "यांगडा."

तिनं मान डोलावली. पुन्हा विचारलं, मी आणखी भलतंच बोलले. तरी मान डोलावली, वर हसली. मॅडम वहीत लिहीत होत्या. तिसऱ्यांदा लिहिलं तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सासू चुकली हे ही पोरगी चारचौघांत म्हणणारच नाही!

"अवं, मी चुकून राह्यली! सांग नं मले!"

हॉल हसला. मॅडमनी पेन आपटला, तुटक्या हिंदीत म्हणाल्या, "माताजी, मराठी नहीं!"

वैशालीनं ओढणी खोचली, कांदा माझ्या नाकापुढं धरला. "आनियो." म्हणजे नाही. एकदा नाही, सात वेळा म्हणाली. मला राग आला, खरंच आला. आठव्यांदा शब्द बरोबर निघाला.

मॅडम म्हणाल्या, "टीचर देर से जागी. पर जागी." पास. मार्क कटले ते माझ्या तोंडामुळं.

परतीला यष्टी खच्चून भरते, महागावपर्यंत उभ्यानं आलो.

वर्ग सुरू होऊन महिना झाला. परवा जेवताना म्हणाली, "आई, तुमच्या वरणात मीठ जास्त असते."

असते म्हणाली. आज जास्त झालं, असं नाही म्हणाली. मी चाखलं. खारटच होतं. लग्नाला चार वर्षं झाली. तेवढ्या वर्षांत ही बाई न बोलता काय काय गिळत आली, ते विचारायची माझी अजून हिंमत झालेली नाही.