तेल कुणाला लावायचं

विजेच्या ग्रिलच्या तापलेल्या प्लेटवर मी पळीभर जवसाचं तेल ओतलं.

धिरडं टाकण्याआधी तव्यावर सोडतात, तसंच. पण ग्रिलच्या प्लेटला चऱ्या असतात. तेल त्यांतून घरंगळत खालच्या ट्रेमध्ये गेलं आणि घरभर धूर सोडून गेलं. जवसाचं घाण्याचं तेल चटणीवर कच्चं घ्यायचं असतं, त्याला ताप सोसत नाही, हे मला माहीत होतं. फक्त त्या वेळी आठवलं नाही.

खालचे शेजारी वर आले. "भाईसाब, कुछ जल रहा क्या?"

"नहीं, भरीत बन रहा," मी म्हणालो. माझ्या डोळ्यांतल्या पाण्याकडे बघत ते उतरले.

बायकोने खिडक्या उघडल्या. "अवो, आणखी एकदा धूर झाला तं हे मशीन माळ्यावर जाईन. त्या ज्यूसरच्या बाजूले."

आमच्या माळ्यावर माझ्या जुन्या हौशी राहतात. पण या वेळी माघार शक्य नव्हती. रविवारी वांकिडीहून मोठी बहीण येणार होती. तिच्याकडे भरिताचं वांगं पऱ्हाटीच्या, म्हणजे वाळल्या कापूसझाडांच्या जाळावर भाजतात. आदिलाबादच्या फ्लॅटात कुठली पऱ्हाटी? तरी फोनवर मी बोलून बसलो होतो, "आक्का, विजेवर तसंच भरीत खाऊ घालतो तुले."

"पाहू," ती म्हणाली होती.

मग मी हट्टालाच पेटलो. रोज संध्याकाळी वांगं. शेंगदाण्याचं तेल घेतलं, थोडं ओतलं, थंड प्लेटवर ओतून पाहिलं. ट्रे तेलाने भरायचा, वांगं कोरडंच. बायको माळ्याखाली स्टूल ठेवून तयार. शनिवारी तेलाची बाटली संपत आली. तळाचे थेंब वाया जाऊ नयेत म्हणून मी ते वांग्यालाच चोळले आणि ते कोरड्या प्लेटवर ठेवलं. धूर नाही. साल काळी होऊन तडकली, आतला गर लोण्यासारखा. मी गुपचूप स्टूल जागेवर नेऊन ठेवलं.

रविवारी आक्काने भरीत खाल्लं, न विचारता दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मग मी ऐटीत माझा शोध सांगितला: तेल प्लेटला नाही, वांग्याला लावायचं.

तिने ताट पुसून शेवटचं बोट चाटलं.

"वांग्याले तेल चोपडून भाजतेत, हे आपली माय रोज करे. तुले ते समजाले मशीन घ्या लागली काय?"