दोघींच्या दोन शाळा

नागपूरच्या विमानतळावर बाबांनी माझ्या जुळ्या मुलींना एकेका कडेवर घेतलं होतं. रेवा आणि तन्वी तेव्हा जेमतेम तीन वर्षांच्या. माझ्या नवऱ्याला, प्रसादला, अमेरिकेत अ‍ॅशबर्नला एका डेटा सेंटरमध्ये नोकरी मिळाली होती. आत जायची वेळ झाली तरी बाबा नातींना खाली ठेवेनात. शेवटी एवढंच म्हणाले, "शाळा चांगली बघा. बाकी सगळं होऊन जातं."

शाळा आम्ही चांगलीच बघितली. घरसुद्धा शाळेचं रेटिंग बघून घेतलं. दोघी एका वर्गात, बसमध्ये एका सीटवर. घरात खोल्या भरपूर, तरी झोपायच्या एकाच बेडवर. एकीला ताप आला की दुसरीही शाळेत जायला तयार नसायची.

तिसरीत त्यांच्या पब्लिक, म्हणजे सरकारी शाळेत खास हुशार मुलांसाठीच्या गिफ्टेड प्रोग्रॅमची टेस्ट झाली. रेवाची निवड झाली, तन्वीची थोडक्यात हुकली. तो प्रोग्रॅम दुसऱ्या शाळेत होता, म्हणजे बसही वेगळी. त्याच सुमाराला एका प्रायव्हेट शाळेनं दोघींनाही प्रवेश देऊ केला.

प्रसाद म्हणाला, "प्रायव्हेटमध्ये टाकू यार. पैशांची ओढाताण होईल, पण दोघी बरोबर तरी राहतील."

मीच अडून बसले. "अरे, सिलेक्ट झालीये ती! लोक त्यासाठी मुलांना क्लास लावतात. आणि आपण नको म्हणायचं?"

रेवा त्या नव्या शाळेत गेली, तन्वी जुन्याच शाळेत राहिली. बाबांनी नागपुरात पेढे वाटले. व्हिडिओ कॉलवर दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या. बाबांना त्या कधीच नीट ओळखू यायच्या नाहीत. त्यांनी कौतुकानं विचारलं, "यातली हुशार कोणती गं?" तन्वीनं रेवाकडे बोट दाखवलं. "शी इज," म्हणाली आणि उठून गेली.

दिवाळीनंतर तन्वीनं वेगळी खोली मागितली. तिला आवडणारं गणितही हळूहळू सुटलं. मी मागे लागले की म्हणायची, "दॅट्स रेवाज थिंग, आई." मला वाटायचं, एकीचं भलं करताना दुसरीला आपण दुखावलं. वर्षानुवर्षं मी तेवढंच मनाला लावून घेतलं.

आता दोघी एकाच हायस्कूलमध्ये आहेत. मैत्रिणी वेगळ्या, डब्याच्या वेळाही वेगळ्या. गेल्या हिवाळ्यात रेवा मला शेजारी बसवून ड्राइव्ह करत होती. सिग्नलला थांबल्यावर समोर बघतच म्हणाली, "आय नेव्हर वॉन्टेड टू गो, आई. तू इतकी खूश होतीस, म्हणून मी बोलले नाही." सिग्नल सुटला.

नव्यानं आलेली जोडपी मला फोन करून विचारतात, "काकू, प्रायव्हेट बरं की गिफ्टेड?" मी दोन्हींची माहिती देते. मग म्हणते, "मुलांना विचारलंत का?" ते हसतात. इतक्या लहान मुलांना काय विचारायचं!

परवा रेवानं तन्वीच्या दारावर टकटक केलं. आतून "कम इन" ऐकू आलं, ती आत गेली आणि दार लागलं. मी जिन्यात थांबले. शब्द कळत नव्हते, पण दोघी बोलत होत्या. मधेच एक हसलीसुद्धा. कोण, ते ओळखता आलं नाही.

घर कुठे, असं कुणी विचारलं की पूर्वी मी नागपूर म्हणायचे. आता माझं घर त्या बंद दाराच्या आत आहे. मी खाली येऊन पोहे भिजवले. हाक मात्र मारली नाही.