मामांनी बंद केलेलं आभाळ

घाईचा इतका मनापासून अनादर करणारा दुसरा माणूस अख्ख्या नागपुरात सापडायचा नाही. हे माझ्या बायकोचे मामा. आयुष्यभर एका सरकारी कचेरीत नकाशे काढत बसले. निवृत्त झाल्यावर लोक देवळाला लागतात किंवा बागेला. मामा मोटारींच्या शर्यतीच्या गेमला लागले. तेही अशा जुन्या कॉम्प्युटरवर, की त्याच्यापुढे गोगलगाईचा पहिला नंबर यावा.

त्या कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड एका मे महिन्यात उन्हाने गेलं. दुसऱ्या कोणी नवं आणलं असतं. मामांनी कुठूनसा एक प्रोग्राम शोधून काढला, जो कार्डाचं काम प्रोसेसरकडूनच करून घेतो. मला काही उमजेना, तेव्हा त्यांनी आपल्या कचेरीच्या भाषेत सांगितलं. "हे पाहा जावईबापू, कार्ड म्हणजे चित्र काढणारा माणूस. तो गेला. आता मी हिशेब करणाऱ्या बाबूच्याच हाती पेन्सिल देली. तो एकेक ठिपका मोजून चित्र काढून राहिला. वेळ लागणारच ना त्याले."

वेळ म्हणजे किती, तर पडद्यावर एक चित्र उमटायचं, मग सात-आठ सेकंद काही नाही, मग मोटार वीतभर पुढे सरकलेली दिसायची. मधल्या वेळात मामा चहाचा घोट घेत, पेपरातली एखादी बातमी वाचत. तीन मिनिटांची शर्यत आंघोळीआधी सुरू केली तर जेवणाच्या वेळेला संपे. एकदा त्यांनी गेम सुरू केला आणि तो उघडेपर्यंत कशाला बसायचं, म्हणून बसने कळमेश्वरला एका साखरपुड्याला जाऊन आले. परत आल्यावर चपला काढता काढता त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि समाधानाने म्हणाले, "ब्याण्णव टक्के झालं."

उन्हाळ्यात घरातल्या एकुलत्या एका कूलरचं तोंड कॉम्प्युटरकडे असे. पाहुण्यांनी घाम पुसत बसायचं. शर्यत चालू असताना मामींनी मिक्सर लावायचा नाही, कारण दिवे मिणमिणत आणि कॉम्प्युटर बंद पडे. मामी निमूटपणे पाट्यावर चटणी वाटत, पण वरवंटा असा आपटत की बैठकीत ऐकू यावा.

बाबूवरचा भार हलका करायचा म्हणून मामांनी गेममधून एकेक गोष्ट काढून टाकली. आधी सावल्या, मग प्रेक्षक, मग झाडं, शेवटी आभाळ. मी विचारलं, "मामा, आभाळही?" ते म्हणाले, "काहून पाहिजे आभाळ? गाडी जमिनीवर चालते." मोकळ्या करड्या पोकळीतून एक लाल मोटार चालली होती, आणि एका जागी ती विनाकारण आपटून थांबली. "झाड आहे तिथं," मामा म्हणाले. "मी दिसायचं बंद केलेलं आहे."

हे असंच चालायचं, पण दोन वर्षांपूर्वी मामींना पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, बोलणं हळूहळू परत आलं, उजवा हात मात्र मांडीवर ठेवलेल्या वस्तूसारखा पडून राहिला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी दाबायला रबराचा चेंडू दिला, तो मामींनी पलंगाखाली टाकून दिला. मला वाटलं, आपण काही करावं. मी माझ्या फोनवरचा एक सोपा फुग्यांचा खेळ त्यांच्यापुढे धरला. त्यांचं बोट हलेपर्यंत सगळे फुगे वर निघून गेले होते. तीनदा तसंच झालं. मामींनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि मी घरी निघेपर्यंत ते परत वळवलं नाही.

पुढच्या रविवारी गेलो तर मामी कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीत होत्या. त्यांचा उजवा हात मामांनी उचलून कीबोर्डवरच्या बाणाच्या कळीवर ठेवला होता. आणि पडद्यावर आभाळ होतं. झाडं होती, प्रेक्षक होते, झाडांच्या लांब सावल्या होत्या. मामांनी सगळं परत चालू केलं होतं, म्हणजे बाबूला आणखी वेळ लागावा. लाल मोटार वळणाच्या तोंडाशी उभी होती.

"घाई नाही वं," मामा म्हणाले. "तो अजून चित्रच काढून राहिला."

मामींच्या कपाळावर घाम आला. बोट थरथरलं, थांबलं, परत थरथरलं. कळ दाबल्याचा बारीक आवाज झाला. आम्ही तिघं वाट पाहत राहिलो. बऱ्याच वेळाने नवं चित्र आलं, आणि त्यात मोटारीचं तोंड उजवीकडे वळलेलं होतं.

मामींनी आधी आपल्या हाताकडे पाहिलं, मग मामांकडे. "वळली," त्या म्हणाल्या.

त्यानंतरचे कित्येक महिने मामांच्या घरची प्रगती गेमच्या भाषेत कळायची. मामींचा हात थोडा उलगडला की मामा एक गोष्ट बंद करत, म्हणजे मोटार थोडी वेगाने चाले. फोनवर मी तब्येत विचारली की उत्तर येई, "सावल्या काढल्या काल." व्यायामाच्या बाईंना ते एकदा म्हणाले, "दिवाळीपर्यंत झाडं निघतील, असा अंदाज आहे," आणि त्या बिचाऱ्या अंगणातल्या पेरूच्या झाडाकडे बघत राहिल्या.

अखेर आभाळही गेलं. काढण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा एके सकाळी मामी म्हणाल्या, "आवो, हे बहुत हळू चालून राहिलं."

मामा दुपारी भर उन्हात सीताबर्डीच्या बाजारात गेले आणि नवा कॉम्प्युटर घेऊन आले, ग्राफिक्स कार्डासकट. स्वतःसाठी त्यांनी तो कधीच आणला नसता. त्यावर मोटार पाण्यासारखी धावते. मामांनी एकदा खेळून पाहिलं, त्यांना घेरी आली. आता मामीच खेळतात. मामा शेजारी स्टूल घेऊन बसतात.

परवा गेलो तेव्हा मामींची शर्यत रंगात आली होती. मामा पडद्याकडे बघतच नव्हते. त्यांची नजर मामींच्या हातावर होती.

"मामा, शर्यत नाही पाहत?" मी विचारलं.

"तिथं काय होऊन राहिलं, ते मले समजत नाही," मामा हळूच म्हणाले. "हे समजते."

"थोडे सरका," पडद्यावरची नजर न काढता मामी म्हणाल्या, "कोपर लागते तुमचं."

मामांनी स्टूल वीतभर मागे घेतलं आणि ते पुन्हा हाताकडे बघत बसले.