तीन खेळ आणि माझं स्टॉपवॉच

स्टॉपवॉच चालू होतं आणि वंदनाताई हलत नव्हत्या. कॅन्टीनमागच्या मैदानावर फक्कीने आखलेल्या पट्टीत त्या गुडघ्यात किंचित वाकून उभ्या होत्या. समोर हातभर अंतरावर पेंट शॉपची एक तरणीताठी मुलगी. तीही उभीच. मी सवयीने माझ्या कागदावर वंदनाताईंच्या नावापुढे एक शून्य काढलं. थोड्या वेळाने आणखी एक.

हे शून्य काय असतं ते आधी सांगतो. वाळूजच्या एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत मी इंडस्ट्रियल इंजिनिअर आहे. नातेवाईक विचारतात, म्हणजे मशीन दुरुस्त करता का? नाही. लोक काम करतात आणि मी ते मोजतो. आमची एक पद्धत आहे, वर्क सॅम्पलिंग. दिवसभरात अधूनमधून माणसाकडे नजर टाकायची. हात चालू असले तर टिक, थांबलेले असले तर शून्य. शून्यं फार झाली की त्या जागेवर माणसाची गरज नाही, असं कंपनी धरून चालते. त्यामुळे मी शॉपमध्ये शिरलो की सगळे कामाला लागतात. ज्यांच्याकडे काम नसतं ते जरा जास्तच लागतात.

त्याच आठवड्यात मी फायनल इन्स्पेक्शनचं सॅम्पलिंग संपवलं होतं. तिथे वंदनाताई साळवे बसतात. समोरून पट्ट्यावर ब्रेकचे पार्ट सरकत जातात, त्यातले खराब त्यांनी उचलून बाजूला काढायचे. माझ्या कागदावर त्यांची टिकांपेक्षा शून्यं जास्त होती. रिपोर्टही लिहून झाला होता: ही जागा बंद करावी, तपासणी पॅकिंगवाल्याने करावी. वंदनाताई कॉन्ट्रॅक्टवर. जागा गेली की त्याही गेल्या. रिपोर्ट प्लांट हेड बोरसे साहेबांकडे दुसऱ्या दिवशी सकाळी जाणार होता.

मैदानावर मला आणलं शेळके मॅडमनी. त्या आमच्या एचआर हेड. यंदा वार्षिक दिनाला क्रिकेट नको, प्रत्येकाने आपल्याकडचा खेळ आणावा असं त्यांनी जाहीर केलं. खेळ आले तीन, ढाल मात्र त्यांनी एकच करून आणली होती. सगळ्यात कसबी खेळाडूला.

"जाधव सर, मोजायचं खातं तुमचं," मॅडम म्हणाल्या. "कुठल्या खेळाला जास्त स्किल लागतं तेवढं काढून द्या."

"मॅडम, गोफणीची आणि पतंगाची तुलना करायची कशी?"

"ते तुम्ही बघा. पाचला बक्षीस समारंभ आहे."

एचआरशी वाद घालून कोणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही. मी कागद आखला.

पहिली गोफण. देवगाव रंगारीचे भाऊसाहेब प्रेस शॉपमध्ये आहेत. घरची ज्वारी राखताना हात बसलेला. गोफणीला दोन दोऱ्या असतात. एक बोटात अडकवायची, दुसरी चिमटीत धरायची, मधल्या खोळीत खडा. गरगर फिरवायची आणि चिमटीतली दोरी सोडायची. सगळं कसब त्या सोडण्यात. भाऊसाहेबांनी चाळीस पावलांवरून ऑइलचे पाच रिकामे डबे पाच खड्यांत पाडले. माझ्या कागदावर नुसत्या टिका. शून्य एकही नाही. मी खूश झालो, असं स्वच्छ काम शॉपमध्येसुद्धा बघायला मिळत नाही.

दुसरा पतंग. मेंटेनन्सचे रफिकभाई साधा सुती मांजा घेऊन आले होते. पेच लागला की ते कधी खेचायचे, कधी ढील द्यायचे. ढील देताना हात गप्प. मी शून्य काढलं, तसे ते हसले.

"हाथां कू क्या देखरे साहब, डोर कू देखो," ते म्हणाले. एवढ्यात समोरचा पतंग कटून पार्किंगच्या पत्र्यावर जाऊन पडला. मी ते शून्य तसंच ठेवलं. नियम तो नियम.

तिसरा आट्यापाट्या. जमिनीवर आडव्या पट्ट्या आखतात, त्या पाट्या. प्रत्येक पाटीवर एक जण पहारा देतो. समोरच्या संघाने त्याचा हात न लागू देता एकेक पाटी ओलांडत जायचं. पहारेकऱ्याला आपली पाटी सोडून पुढे जाता येत नाही. वंदनाताईंकडे तिसरी पाटी होती आणि त्या उभ्या होत्या, हे वर सांगितलंच आहे.

पेंट शॉपच्या मुलीने डावीकडे हूल दिली. ताई हलल्या नाहीत. उजवीकडे दिली. नाहीत. मुलगी खरोखर निघाली तेव्हा मला कळायच्या आत ताईंचा हात तिच्या खांद्याला लागून परत आला होता. तिच्यामागून सहा जणी आल्या. तिसरी पाटी एकीलाही ओलांडता आली नाही. माझ्या कागदावर मात्र या खेळाची शून्यं सगळ्यात जास्त.

डाव संपला. वंदनाताई पदराने घाम पुसत माझ्याकडे आल्या आणि सरळ कागदात डोकावल्या.

"सर, माझ्या नावापुढं परत तेच लिवलं व्हय?"

माझं इन्स्पेक्शनचं सॅम्पलिंग त्यांना माहीत होतं. शॉपमध्ये काहीही लपून राहत नाही.

"ताई, तुम्ही उभ्या होतात ना," मी म्हणालो.

"उभीच व्हते. तिच्या कमरंकडं बघत. माणूस डोळ्यानं लई फसवतं, पण कंबर खोटं बोलत नाय. शाळंत असताना दौलताबादच्या मास्तरांनी शिकवलेलं. हललं की गेलं."

"आणि तपासणीच्या टेबलावर?"

"तिथं बी तेच की. चांगला पार्ट आला तर हात कशाला लावू? लावला तर मागचा निसटतोय."

मला एकदम लाज वाटली. एकवीस वर्षं मी हात मोजत होतो. माझ्या फॉर्ममध्ये डोळ्यांना रकानाच नव्हता. पार्ट जितके चांगले येतील तितकी या बाईची शून्यं वाढणार, आणि त्यावरून मी त्यांना घरी पाठवायला निघालो होतो.

शेळके मॅडमना मी सांगितलं की तुलना होत नाही. त्यांनी माझा नाद सोडला आणि तिघांना एकमेकांचे खेळ खेळायला लावलं. रफिकभाईंचा गोफणीतला खडा मागे गेला, ज्या बाजूला आम्ही सगळे उभे होतो. भाऊसाहेबांच्या पाटीवरून सगळ्या पोरी बोलत बोलत निघून गेल्या. वंदनाताईंचा पतंग लिंबाच्या झाडावर बसला. ढाल तिघांकडे चार-चार महिने राहील, असं मॅडमनी जाहीर करून टाकलं. तेवढ्यात बरोबर पाच वाजले.

दुसऱ्या दिवशी बोरसे साहेबांनी रिपोर्ट मागितला.

"दुपारपर्यंत थांबा साहेब. एक गोष्ट तपासायची राहिलीय."

क्वालिटीकडून मी बारा खराब पार्ट मागून घेतले. प्रत्येकाला खालून पेनाने बारीक ठिपका केला आणि मी स्वतः हातात घेऊन पारखलेल्या चांगल्या पार्टांत मिसळून, कोणालाही न सांगता पट्ट्यावर सोडले. आधी पॅकिंगवाल्यासमोर. पॅकिंग करता करता त्याने सात काढले. मग तेच बारा वंदनाताईंसमोर. त्यांच्या ट्रेमध्ये तेरा निघाले.

"ताई, हा एक चांगला आहे," मी म्हणालो. तेराव्याला ठिपका नव्हता.

"असंल सर. तपासून तर घ्या."

आमच्याकडे एक रंग असतो. तो पार्टला लावून पुसला की चीर असेल तिथे रेघ राहते. रेघ राहिली. केसाएवढी, पण ब्रेकच्या पार्टमध्ये. तो पार्ट मी स्वतः हातात घेऊन, चांगला म्हणून पट्ट्यावर ठेवला होता.

बोरसे साहेबांनी ती रेघ पाहिली, मग माझा जुना रिपोर्ट पाहिला.

"मग ही शून्यं खोटी आहेत का?"

"शून्यं बरोबर आहेत साहेब. मी त्यांचा अर्थ चुकीचा लावला."

त्यांनी रिपोर्ट फाडला नाही. आमच्याकडे कागद फाडत नाहीत, 'रद्द' लिहून फाइल करतात. वंदनाताईंची जागा राहिली, आणि टेबलावर जास्त उजेडाचा दिवा आला. त्यासाठी मात्र मला तीन फॉर्म भरावे लागले.

आता कोणापुढेही शून्य काढण्याआधी मी जवळ जाऊन विचारतो, आत्ता काय चाललंय? बहुतेक जण सांगतात, आणि त्यातलं निम्मं मला आधी दिसलेलं नसतं. परवा एक जण म्हणाला, "काय नाय सर, उभा हाय." त्याचं शून्य मी समाधानाने काढलं.