शिपायालाही कुंकू

उदगीर मागे पडलं की एसटीतली मराठी पातळ होत जाते. पुढच्या बाकावर कन्नड, मागच्यावर तेलुगू आणि सुट्ट्या पैशांचं भांडण तिन्ही भाषांत. मी लातूरहून देगलूरला निघालो होतो. त्या भागातल्या एका खेड्यात राहणारे माझे जुने मित्र नामदेव गुरुजी फोनवर म्हणाले होते, "भिंतीवरचे देव बघायचे असतील तर लगेच या. कलशारोहणासाठी त्या भिंतींवर फरशा बसवून राहिलेत."

देगलूरच्या स्टँडवर सुशीलाची (फोडणी दिलेले ओले चुरमुरे) प्लेट संपवली आणि गुरुजींच्या मोटारसायकलवर मागे बसलो. दोन्ही बाजूंना तूर, मधे खड्डे. गावाच्या कमानीवर कलशारोहणाचा फलक होता. पाहुण्या पुढाऱ्याचा चेहरा दोन पुरुष उंच, देव वरच्या कोपऱ्यात, तिकिटाएवढा.

मारुतीचं मंदिर ठेंगणं. दार त्याहून ठेंगणं, हे माझ्या कपाळाला आधी कळलं. आत डोळे सरावले आणि मी कपाळ चोळायचं विसरलो. चुन्याच्या गिलाव्यावर द्रोणागिरी उचललेला मारुती, वाघावर बसलेली देवी, हत्ती, घोडे आणि शेवटी बंदूक घेतलेला एक टोपीवाला शिपाई. जॉर्जियातल्या एका खेड्यात, जुन्या ऑर्थोडॉक्स चर्चच्या भिंतीवर, मी असेच संत पाहिले होते. मेणबत्त्यांच्या धुराने सावळे पडलेले, भाविकांच्या ओठांनी पाय झिजलेले. इथे धूर समईचा होता आणि झिजवणारे हात होते. बाकी घराणं एकच.

"देवीला रोज दिवा लावते मी," गुरवीण शांताबाई म्हणाली. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला, म्हणून पूजा तीच करते. "आता तिच्यावर फरशी येणार. आत दिसायची न्हाई, पर असंल तरी."

देवस्थान समितीचे अध्यक्ष पाटील आले. जुन्या चित्रांना बोटसुद्धा लावू नये, असं मी त्यांना बराच वेळ समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"साहेब, तुमच्या घराला रंग कधी दिला?"

"गेल्या दिवाळीला."

"मग देवानंच का काळ्या भिंतीत ऱ्हावं?"

मी पुन्हा कपाळ चोळू लागलो.

सीमेपलीकडून आलेला चंद्रप्पा मिस्त्री भिंत ठोकून बघत होता. "उद्या सकाळी टोचे मारतो," तो म्हणाला. फरशी धरावी म्हणून भिंतीला छिन्नीने खड्डे पाडतात, ते टोचे. शांताबाईला हे नवीन होतं.

"टोचे? देवीच्या तोंडावर?"

"सगळीकडं, अक्का. न्हाईतर फरशी धरत न्हाई."

तिने देवीपुढच्या दिव्यात तेल घातलं आणि ती निघून गेली.

सकाळी आम्ही गेलो तेव्हा ती ओल्या हळदकुंकवाचं ताट घेऊन भिंतीपाशी उभी होती. त्या गावात एक रीत पक्की आहे. हळदकुंकू लागलेल्यावर घाव घालायचा नाही, मग तो दगड असो की बाभळीचं झाड. देवी, मारुती, घोडे यांना लावून झालं होतं. वरची रांग उरली होती. तिने ताट माझ्या हातात दिलं.

"उंच हायसा. लावा."

कालचं माझं व्याख्यान गुरुजींना आठवत असावं, ते छताकडे बघू लागले. मी बोट बुडवलं आणि लावत सुटलो.

"ह्या टोपीवाल्या शिपायालाही?"

"लावा की. त्याला टोचा मारला तर हादरा शेजारच्या हत्तीला न्हाई का बसणार?"

पाटलांच्या मागोमाग चंद्रप्पा आला, भिंत पाहिली, छिन्नी बाहेर ठेवली आणि हात जोडले. "पाटील, आता मला न्हाई जमायचं."

"शांताबाई, हे काय करून ठिवलं?"

"पूजा. गुरवाच्या घरात दुसरं काय करत्यात?"

"अन् ह्या फरशांचं काय करू?"

"तुमच्या न्हाणीत लावा. देवाच्या नावानं आल्यात, आंघोळीला पुण्य लागंल."

आधी चंद्रप्पा हसला, मग नाइलाजाने पाटील. ते देवीपुढे क्षणभर उभे राहिले, टोपी सारखी केली आणि फरशा बाहेरच्या ओट्याला बसवायला सांगितल्या. पुढाऱ्याचे फोटो ओट्यावरच निघणार होते, त्यामुळे कुणाचंच नुकसान झालं नाही.

दुपारच्या गाडीने परतलो. बोटांवरचं कुंकू लातूर येईपर्यंत पुसलं गेलं नाही. उद्या एखादा जाणकार ती भिंत बघेल आणि लाल डागांवरून गावाला अडाणी ठरवेल. त्याने खुशाल ठरवावं. वरच्या रांगेतले डाग माझे आहेत, आणि ते नसते तर त्याला नाक मुरडायला तिथे भिंतभर फरशीच मिळाली असती.